नारायणरावांचे अत्तर

हळदीकुंकू म्हटले की वाण, ओटी आणि अत्तरगुलाब ही ओघाने आलीच. दारात परकरातली एक मुलगी गुलाबदाणी घेऊन उभी असते, दुसरी अत्तरदाणीत काडी बुडवून आपल्या हाताच्या पाठीवर अलगद टेकवते. आपण हात नाकाशी नेतो, समाधानाने मान डोलावतो आणि आत जाऊन बसतो. इतके हे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु भगिनींनो, समारंभात दुसरीने लावलेले अत्तर वेगळे, आणि साध्या दिवशी, कोठे जायचे नसताना, केवळ आवडते म्हणून आपले आपण लावलेले अत्तर वेगळे. पहिल्याला कोणी नावे ठेवीत नसे. दुसऱ्याला मात्र आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी नाके मुरडली जात. अत्तराचा फाया कानात ठेवावा तो पुरुषांनी, गाण्याच्या बैठकीस जाताना. घरंदाज बाईला अंबाड्यावरची वेणी पुरे, अशी तेव्हाची समजूत.

ही समजूत सैल करण्यात ज्यांचा मोठा हात होता ते स्वतः पुरुष होते, ही मोठी गमतीची आणि विचार करण्यासारखी गोष्ट आहे. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. त्यांच्या गाण्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि तो माझा अधिकार नव्हे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र सांगताना मी एकच धागा हाती धरणार आहे, तो त्यांच्या अत्तराचा.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. वडील श्रीपादराव, आई अन्नपूर्णाबाई. घरची स्थिती बेताची, पण गाण्याची आवड घरातच होती. गळा जन्मतःच गोड. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यांना बालगंधर्व म्हटले. ते नाव त्यांना आयुष्यभर पुरले. पुढे कोल्हापूरच्या शाहूमहाराजांच्या कृपेने कानाच्या उपचारासाठी ते मिरजेस आले. त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळीस एका सुरेल, देखण्या मुलाची निकड होती. मंडळीचे लाडके नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती.

तेव्हाच्या रंगभूमीवर बायका नव्हत्या, हे नव्या मुलींसाठी सांगितले पाहिजे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवर केले तेव्हापासून सीता, द्रौपदी, शकुंतला या साऱ्या भूमिका पुरुषच करीत. कुळातील बाईने नाटकात काम करणे तर राहोच, नाटक पाहायला जाणे हेही पुष्कळ घरांत वर्ज्य होते. गेलीच तर स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या जागेत बसावयाचे. अशा काळात १९०५ साली मिरजेस सतरा वर्षांचे नारायणराव शकुंतला होऊन रंगभूमीवर आले.

शकुंतला ही आश्रमातली मुलगी. तिच्यापाशी ना अत्तर, ना जर. कालिदासाने तिला फुलांचीच लेणी दिली आहेत: कानावर शिरीष, हातात कमळाच्या देठाचे कंकण, अंगाची काहिली झाली तेव्हा वाळ्याचा लेप. ज्या नटाचे नाव पुढे उंची अत्तराशी कायमचे जोडले जायचे होते, त्याचा रंगभूमीवरचा पहिला सुगंध हा असा रानातला, बिनपैशाचा होता.

लवकरच मृच्छकटिकातली वसंतसेना त्यांच्या वाट्यास आली. देवलांनी मराठीत आणलेले हे नाटक मूळ शूद्रकाचे. त्या मूळ नाटकात एक सुरेख प्रसंग आहे. चारुदत्त अंधारात वसंतसेनेला दासी समजून आपला शेला तिच्यापाशी टाकतो. त्या शेल्याला जाईच्या फुलांचा वास येत असतो. वसंतसेना तो हुंगते आणि ओळखते, की हा मनुष्य दरिद्री झाला आहे, पण याच्या मनातली रसिकता अजून विझलेली नाही. पैसा गेला तरी शेल्यातला वास उरला होता. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवू. नारायणरावांच्या पुढच्या आयुष्याशी त्याचे मोठे नाते आहे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे मानापमान प्रथम रंगभूमीवर आले. त्यात नारायणराव भामिनी झाले. श्रीमंताची लाडकी, मानी मुलगी. पुढे गरीब वनमाला होऊन वावरणारी. त्याच दिवशी त्यांची पहिली मुलगी देवाघरी गेली. खेळ मोडू नये म्हणून ते उभे राहिले, गायले, आणि नाटक गाजले. हा प्रसंग त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचा म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. आपण बायकांनी मात्र तो ऐकताना त्या मुलीच्या आईचीही आठवण ठेवावी. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या रात्रीचे दुःख आले. टाळ्या आल्या नाहीत.

१९१३ साली गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांत दोघे भागीदार बाहेर पडले आणि साऱ्या मंडळीचा भार एकट्या नारायणरावांवर आला. १९१६ साली खाडिलकरांचे स्वयंवर आले. त्याला चाली भास्करबुवा बखले यांच्या; नारायणरावांना गाणे शिकवणारे गुरू तेच. रुक्मिणीच्या त्या भूमिकेने महाराष्ट्राला वेड लावले. आणि येथूनच अत्तराची गोष्ट खरी सुरू होते.

नारायणरावांना रंगभूमीवर खोटे काही चालत नसे. शालू खरा जरतारी हवा, दागिने डोळ्यांत भरणारे हवेत, गालिचा पायाला मऊ लागणारा हवा. अत्तरही तसेच. उंची अत्तरे ते मनापासून वापरीत, आणि ते रंगभूमीवर आले की पुढच्या रांगांत बसलेल्यांना त्यांच्या आधी तो दरवळ भेटत असे, अशा आठवणी त्या काळच्या लोकांनी पुष्कळ सांगून ठेवल्या आहेत. व्यवहारी माणसाला यात वेडेपणा दिसेल. तिकीट काढून मागे बसलेल्याला रुक्मिणी दिसते, ऐकू येते; तिचे अत्तर त्याच्यापर्यंत कसे पोहोचणार? मग हा खर्च कोणासाठी?

या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने अत्तर लावून पाहूनच द्यावे. म्हणून थोडे माझे स्वतःचे सांगते, वाचकभगिनींनी राग मानू नये.

माझ्याजवळ मोगऱ्याच्या अत्तराची एक लहानशी कुपी आहे, आणि माझ्या भाचीने पुण्याहून आणलेली फवाऱ्याची एक बाटलीही आहे. हल्लीच्या मुलींना आवडतो तसा हा फळाफुलांचा मिश्र सुगंध आहे. एका दुपारी कामे आटोपल्यावर मी उजव्या मनगटाला मोगरा लावला आणि डाव्या मनगटावर तो फवारा घेतला. डाव्या हाताने लगेच बोलायला सुरुवात केली. राहात्याच्या पेरूचे टोपले घरात आले की जसे स्वयंपाकघर सांगते की फळ आले आहे, तसा तो वास होता: आधी पिकल्या फळाचा गोड, किंचित आंबूस झोत, मग पाच-दहा मिनिटांनी त्यातून गुलाबासारखे, जाईसारखे काही वर आले. तासाभराने फळ पार गेले, फुले उरली. संध्याकाळी फुलेही गेली आणि धुतलेल्या कपड्यासारखा एक मंद वास तेवढा राहिला. मोगऱ्याचे उलटे. लावताना तो जरा उग्र, तेलकट वाटला, पण अंगाच्या उबेने हळूहळू उमलला आणि रात्री देवापुढे दिवा लावतानाही हाताला होता.

याचे कारण समजून घेतले तर गंमत वाटते. जुने अत्तर कनोजकडे करतात तसे: तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून, झाकण मातीने लिंपून, खाली मंद जाळ लावायचा; वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवायची. त्या दुसऱ्या भांड्यात चंदनाचे तेल असते. ते फुलाचा वास धरून ठेवते. त्यात मद्यार्क नसतो, म्हणून ते भुर्रकन उडून जात नाही. फवाऱ्याच्या बाटलीत मद्यार्कच बहुतांशी असतो. तो अंगावर पडताच उडतो आणि जाताना वास घेऊन सगळीकडे पसरतो. शिवाय संत्रे, लिंबू यांच्या सालीत सुगंधी तेल असते तसे पेरूत, सफरचंदात, लिचीत हाती लागण्याजोगे नसते. त्यामुळे बाटलीतले फळ हे बहुधा झाडावरचे नसून रसायनशाळेत जुळवलेले असते. म्हणून ते वाईट असे मी म्हणणार नाही. मला ते आवडले. ते लावून दळणाचा डबा गिरणीत पोहोचवायला गेले तेव्हा आपण जरा ताठ चालतो आहोत, हे माझे मला जाणवले. वाटेत कोणी ओळखीचे भेटले नाही, कोणी वास घेतला नाही. तरी चाल बदलली होती.

नारायणरावांच्या खर्चाचे उत्तर मला तेथे सापडले. मागच्या रांगेला अत्तर पोहोचत नव्हते, पण अत्तराने बदललेली रुक्मिणीची चाल पोहोचत होती. सुगंध पहिल्याने लावणाऱ्याला कळतो आणि तो त्याला आतून सावरतो. वेष चढवणाऱ्या त्या तरुण माणसाला, आपण आता नारायण नाही, भीमकराजाची कन्या आहोत, हे आरशापेक्षा त्या वासाने अधिक पटत असेल.

आणि ती चाल महाराष्ट्रातल्या बायकांनी पाहिली. राखीव जागेत बसून, पदर सावरून, त्यांनी डोळे भरून पाहिली. नऊवारी लुगडे कसे नेसावे, पदर दोन्ही खांद्यांवरून कसा घ्यावा, अंबाड्यावर वेणी कशी माळावी, हातात रुमाल कसा धरावा, हे बालगंधर्वांकडे पाहून घरोघरच्या लेकीसुना शिकल्या. त्यांच्या स्त्रीवेशातील तसबिरी घरांत लागल्या. साबण, पावडर, शक्तिवर्धक औषधे यांच्या जाहिरातींवरही त्यांचे ते रूप झळकले. गजरा, अत्तर, नीट बेताने केलेला शृंगार हे सारे कुलीन बाईला शोभते, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे रुक्मिणीला पाहून सासवांनाही पटू लागले. सुनेला जे मागता येत नव्हते, ते रंगभूमीवरच्या एका पुरुषाने तिच्यासाठी मागून घेतले.

माझी भाची येथे मला अडवते. ती म्हणते, मावशी, बाईने कसे दिसावे हेसुद्धा पुरुषानेच ठरवायचे आणि बायकांनी त्याचे अनुकरण करायचे, यात कौतुक ते काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. नारायणरावांनी रंगवलेली बाई सोशिक, लाजरी, पतीला देव मानणारी अशी होती. तशी बाई पुरुषांना हवी होती, हे खरेच. परंतु बायकांनी त्यातून काय उचलले हेही पाहावे. रंगभूमीवरची मान खाली घालण्याची रीत त्यांना घरीच पुष्कळ शिकवलेली होती; ती शिकायला नाटकाला जाण्याची गरज नव्हती. त्यांनी उचलले ते नीटनेटके राहण्याचे, स्वतःकडे लक्ष देण्याचे सुख. पदर त्यांच्याकडून घेतला असेल, पण तो घेताना आरशात पाहिले ते ज्याच्या त्या बाईने स्वतःलाच.

ह्या सुखाचे मोल नारायणरावांनी फार मोठे दिले. मंडळीत पंगती उठत होत्या, नटांना, साथीदारांना घरच्यासारखे वागवले जात होते, पोशाखावर आणि देखाव्यांवर पैसा पाण्यासारखा जात होता. १९२० साली द्रौपदी नाटक आणले तेव्हा तर खर्चाची सीमाच झाली. हिशेब ठेवणे हा त्यांचा गुण नव्हता. १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. लोकांनी दिलेल्या दानावर ते फेडण्याचे त्यांनी मनात आणले नाही. गावोगाव खेळ करून, रात्री जागून, वर्षानुवर्षे गळा झिजवून त्यांनी ते फेडले. त्याच साली ८ जुलै रोजी मुंबईस केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केले. स्वतःच्या डोक्यावर कर्ज असताना देशकार्यासाठी खेळ करणारा हा माणूस होता. त्या खेळानंतर तीनच महिन्यांत केशवराव वारले.

त्याआधीची एक भूमिका मुद्दाम मागे ठेवली होती, ती आता सांगते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीस, बडोद्यास त्यांचे एकच प्याला प्रथम झाले. त्यात नारायणराव सिंधू झाले. नवरा दारूच्या आहारी गेला आहे, घरातले एकेक वस्तुजात गेले आहे, बाई जात्यावर दळण दळून लेकराचे पोट भरते आहे. ज्या माणसाला जरतारीशिवाय चालत नसे तो येथे ठिगळे लावलेले लुगडे नेसून उभा राहिला. दागिना नाही, जर नाही, गालिचा नाही. आणि प्रेक्षक, विशेषतः बायका, ढसढसा रडल्या. थिएटरात बसलेल्या कितीतरी जणींच्या घरी तोच प्याला होता. रुक्मिणीने त्यांना थाट दाखवला होता. सिंधूने त्यांचे स्वतःचे घर दाखवले. सुगंध, दागिने, वस्त्रे सारे काढून घेतल्यावर बाईपाशी काय उरते, हे त्या भूमिकेत दिसले. मला वाटते, ज्याला अत्तराची खरी ओढ असते त्यालाच अत्तर नसलेले घर असे दाखवता येते.

१९३१ साली त्यांनी कान्होपात्रा नाटक केले. मंगळवेढ्याच्या नायकिणीची ती मुलगी, बादशहाच्या बोलावण्याला नकार देऊन पंढरपुरास विठ्ठलाच्या पायाशी आली. तिची कथा आपणा सर्वांना भजनातून ठाऊक आहे. ज्या घरात अत्तराचा घमघमाट होता ते घर सोडून ती तुळशीच्या वासाकडे गेली. या भूमिकेनेही महाराष्ट्राला पुन्हा एकदा रडवले.

पण काळ पालटत होता. १९२९ पासून हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह स्वतःच्या मंडळीतून रंगभूमीवर आल्या. १९३२ साली अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला आणि दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या सुशिक्षित घरातल्या बाई पडद्यावर दिसल्या. १ जुलै १९३३ रोजी आंधळ्यांची शाळा या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. बायकांना आता त्यांच्या नावाने कोणी बोलण्याची गरज उरली नव्हती. बोलपटांच्या लाटेत नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या, त्यात गंधर्व मंडळीही आली. १९३५ साली प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या बोलपटात नारायणराव पैठणचे संत एकनाथ झाले. परंतु प्रकाशाच्या झोतात, समोर जिवंत माणसे नसताना, पुरुषवेषात काम करण्यात त्यांचा जीव रमला नाही. पडद्यावर अत्तर जात नाही, हेही एक कारण असेल असे माझ्या मनात येते.

पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. त्या स्वतः उत्तम गात आणि नारायणरावांच्या गायकीवर त्यांची अपार भक्ती होती. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. या काळाविषयी लोक नाना तऱ्हेने बोलतात. दोन्ही बायांनी आपापल्या परीने सोसले, एवढे म्हणून मी थांबते. नारायणरावांच्या अखेरच्या वर्षांत पाय अधू झाले, पैसा उरला नाही, गळ्यात मात्र सूर होता. सरकारने त्यांची आठवण ठेवली. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. त्याच १९६४ साली गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला.

वसंतसेनेला मिळालेला तो शेला येथे पुन्हा आठवतो. वैभव गेले, मंडळी गेली, दारात ताटकळणारे लोक गेले. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना भेटलेल्यांनी सांगितले आहे ते हेच, की बोलण्यातला गोडवा आणि समोरच्याला देव मानण्याची रीत काही सुटली नव्हती. शेल्यातला वास उरला होता.

पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. त्याची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली, आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, ते सुरू झाले. तेथे त्यांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. आपण नगरकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे ती चित्रे काढणारे गोपाळराव देऊस्कर हे १९११ साली आपल्या नगरात जन्मले. पुण्यास जाणे झाले तर मंडळाच्या भगिनींनी ती जरूर पाहावीत. एकाच माणसाची दोन रूपे शेजारी शेजारी पाहिली की एका जन्मात त्याने काय साधले हे ध्यानात येते. लुगड्याची घडी, दागिन्यांची चमक, मानेचा डौल सारे रंगांत उतरले आहे. अत्तर तेवढे चित्रात येत नाही. ते ज्यांनी घेतले त्यांच्याबरोबर गेले.

आता थोडे आपल्याविषयी. नारायणरावांनी बायकांना अत्तर मिळवून दिले असे मी वर म्हटले, परंतु ते सर्वच बायकांना मिळाले नाही. सवाशिणींना मिळाले. जिचा नवरा गेला तिच्या हातून गजरा, कुंकू आणि अत्तर एकाच दिवशी काढून घेतले गेले, आणि ही रीत त्यांच्या काळीही होती, नंतरही राहिली. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून जे धैर्य दाखवले त्याला आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसाठीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे असे परिपत्रक काढले. कागदावर एवढे झाले. दारातली अत्तरदाणी मात्र अजूनही हात पाहून पुढे सरकते, हे आपण सर्वजणी जाणतो.

ज्या राजस्त्रीच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. एकोणतिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आले आणि पुढे त्यांनी अख्खे राज्य सांभाळले. त्या आपल्या दारी आल्या असत्या तर अत्तरदाणी धरणाऱ्या मुलीने काय केले असते? हात मागे घेतला असता काय?

म्हणून एक सूचना मांडून हा लेख संपवते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास दारात जी येईल तिच्या हाताला अत्तर लावावे. कपाळाकडे पाहू नये, गळ्याकडे पाहू नये. कोणा वृद्ध भगिनीला संकोच वाटला, ती नको म्हणाली, तर तिच्या मनाविरुद्ध आग्रह करू नये; पण विचारल्यावाचून तिला ओलांडून पुढे जाऊही नये. अत्तर मोगऱ्याचे असो, वाळ्याचे असो की मुलींच्या आवडीचे फळाफुलांचे असो. मुलींनी त्यांची बाटली अवश्य आणावी. जुन्या भगिनींनाही तो वास कसा काय वाटतो ते कळू द्यावे. नारायणरावांनी जो खर्च केला तो कर्ज काढून केला. आपल्याला तर एक लहानशी कुपी आणि थोडे मोठे मन एवढेच लागेल.